जुनी शिडाची बोट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

साठ-सत्तरच्या दशकात फायबरग्लासच्या बोटी साच्यातून धडाधड निघू लागल्या आणि ब्रिटनमध्ये शिडाची बोट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. त्या पिढीतली ‘वेस्टर्ली सेंटॉर’ ही २६ फुटी बोट १९६९ ते १९८० या काळात २,४००हून अधिक संख्येने बांधली गेली. तिच्या पोटाखाली दोन कील, म्हणजे तोल सांभाळणारे वजनदार पंख, असल्यामुळे ओहोटीला ती चिखलात सरळ उभी राहते. फायबरग्लास कुजत नाही, गंजतही नाही. त्यामुळे मालक थकले तरी बोटी उरल्या. आज त्यांतल्या कित्येक जुन्या मोटारीच्या किमतीत मिळतात, काही तर फुकट. पहिल्यांदाच बोट घेणारे भुलतात ते इथे. अशी बोट नीट करणं नवख्यांनाही जमतं, पण काही समज आधी तपासून घेतलेले बरे.

गैरसमज: फुकट मिळाली, म्हणजे स्वस्तात पडली.

वस्तुस्थिती: बोटीची किंमत हा बऱ्याचदा सगळ्यात छोटा खर्च असतो. बंदरातल्या जागेचं भाडं बोटीच्या लांबीवर ठरतं आणि बोट हलली नाही तरी ते चुकत नाही. ठराविक काळाने क्रेनने बोट वर काढायची, तळ धुवायचा, शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून खास रंग लावायचा. विमा ब्रिटनमध्ये कायद्याने सक्तीचा नसला, तरी बहुतेक मरिना तो असल्याशिवाय जागा देत नाहीत. नवी शिडं, नवं इंजिन किंवा डोलकाठीच्या नव्या तारा, यांपैकी एकेका गोष्टीचा खर्च जुन्या बोटीच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो. शिवाय फायबरग्लास भंगारात कुणी विकत घेत नाही. बोट मोडीत काढायलाही पदरचेच पैसे घालावे लागतात. फुकट देणारा मालक अनेकदा पुढच्या वर्षीच्या भाड्यातून स्वतःची सुटका करून घेत असतो.

गैरसमज: तळाला फोड दिसले की बोट गेली.

वस्तुस्थिती: वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेल्या बोटीच्या बाहेरच्या थरातून पाणी हळूहळू झिरपतं, आतल्या रसायनांशी त्याची क्रिया होते आणि फोड येतात. फोड फोडला तर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. दिसायला हे भयंकर असतं. पण एवढ्याने सहसा बोट बुडत नाही. तुरळक फोड खरवडून, नीट वाळवून इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेने, भरता येतात. तळभर फोड असतील तर काम मोठं होतं आणि किमतीत घासाघीस करायला जागाही मिळते.

गैरसमज: डेक चकचकीत आहे, म्हणजे ठणठणीत आहे.

वस्तुस्थिती: नवख्याचा खिसा रिकामा होतो तो इथे. बऱ्याच बोटींचा डेक एकसंध नसतो. फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड किंवा प्लायवुड भरलेलं असतं. कठड्याचे खांब, कड्या, खुंट्या जिथे बोल्टने बसवलेल्या असतात, तिथलं सील दहा-पंधरा वर्षांत वाळतं. मग पावसाचं पाणी बोल्टच्या कडेने आत उतरतं. वरून रंग शाबूत, आत लाकडाचा काळा लगदा.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने वीतवीत अंतरावर डेक ठोकत जायचं. कोरड्या जागी ‘टक्‌’ असा कडक आवाज येतो, कुजलेल्या जागी ‘भद्द’. आवाज बदलला की तिथे खडूने खूण करायची. खुणा खांबांच्या बुडाशीच असतील तर काम आटोक्यात आहे. डोलकाठीभोवती किंवा सलग मोठ्या पट्ट्यात असतील, तर वरचा थर कापून, ओलं लाकूड उकरून, नवं भरून पुन्हा थर चढवावे लागतात. नवख्यांनी अशी बोट सोडून द्यावी.

गैरसमज: स्टेनलेस स्टील गंजत नाही.

वस्तुस्थिती: स्टेनलेस स्टीलवर जो संरक्षक थर असतो, तो टिकायला ऑक्सिजन लागतो. खारं पाणी अडकून राहतं आणि हवा पोचत नाही, अशा फटीत तेच स्टील आतून पोखरतं. डोलकाठी तोलून धरणाऱ्या तारांची खालची टोकं आणि डेकमधून आरपार जाणाऱ्या पट्ट्या या त्याच्या ठरलेल्या जागा. तार मधे लखलखीत दिसते आणि टोकाशी तुटते. म्हणून अनेक विमा कंपन्या साधारण १० वर्षांपेक्षा जुन्या तारांवर हरकत घेतात. तारा कधी बदलल्या हे विचारा. तोंडी उत्तर नको, पावती मागा.

गैरसमज: बोट बुडते ती खडकावर आपटून.

वस्तुस्थिती: कित्येक बोटी जागच्या जागी, दोरांना बांधलेल्या अवस्थेत बुडतात. इंजिन थंड करायला, संडासाला, बेसिनला बोटीच्या तळात पाण्याखाली भोकं असतात आणि त्यांवर तोट्या. या तोट्या साध्या पितळेच्या असतील तर समुद्राचं पाणी त्यातलं जस्त खातं आणि मागे ठिसूळ तांबं उरतं. खरवडल्यावर धातू पिवळ्याऐवजी गुलाबी दिसला, तर तोटी बदलायची वेळ टळून गेली आहे. प्रत्येक तोटीजवळ तिच्या मापाची लाकडी गुडदी दोरीने बांधून ठेवणं ही जुन्या खलाशांची सवय आजही तितकीच कामाची आहे.

गैरसमज: हार्डनर जास्त घातला की इपॉक्सी लवकर सुकते.

वस्तुस्थिती: इपॉक्सीची राळ आणि तिला घट्ट करणारा हार्डनर यांचं प्रमाण ठरलेलं असतं. हार्डनर वाढवला तर मिश्रण पूर्ण घट्ट होत नाही, चिवट राहतं आणि सगळं खरवडून काढावं लागतं. घट्ट झालेल्या इपॉक्सीवर अनेकदा मेणासारखा पातळ थर येतो. तो आधी पाण्याने धुवायचा, मग घासायचं. नाहीतर पुढचा थर सुटतो.

तळाचा जुना रंग तर कोरडा घासूच नये. त्यात ट्रायब्युटिल टिन हे विष असू शकतं. शिंपल्यांच्या शेतीची वाट लागल्यावर फ्रान्सने १९८२मध्ये आणि ब्रिटनने १९८७मध्ये छोट्या बोटींवर त्याला बंदी घातली. जागतिक बंदी २००८मध्ये आली. सत्तरच्या दशकातल्या बोटीवर खालचे थर त्याच काळातले असू शकतात. रंग ओला करूनच घासावा, योग्य मास्क लावावा आणि निघालेला चोथा पाण्यात जाऊ देऊ नये.

गैरसमज: लाकडी बोट म्हणजे कुजकी बोट.

वस्तुस्थिती: लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी मानवतं, खारं नाही. त्यामुळे लाकडी बोट बहुधा वरून, पावसाने कुजते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९मध्ये ३१२ दिवसांत एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ‘सुहेली’ मुंबईत बांधलेली, सागवानी बोट होती. वाटेत ती गळू लागली, तेव्हा त्यांनी पाण्यात उतरून फटीत सूत ठासलं. पण लाकडाला दरवर्षी हात लावावा लागतो आणि त्यासाठी सुतारकाम अंगात हवं. पहिली बोट फायबरग्लासचीच बरी.

गैरसमज: आधी सगळी दुरुस्ती, मग समुद्र.

वस्तुस्थिती: अर्धवट सोडलेल्या बोटींनी यार्डं भरलेली असतात आणि बहुतेकींची गाडी गाद्या, रंग, फर्निचर यांतच अडकलेली असते. क्रम साधा आहे: आधी पाणी आत येणार नाही, मग डोलकाठी पडणार नाही, मग इंजिन बंद पडणार नाही. एवढं झालं की शांत हवेत, किनाऱ्याजवळ बोट चालवा. कुठली दोरी अडते, कुठे गळतं, हे एका उन्हाळ्यात कळतं आणि अनावश्यक कामांची यादी आपोआप गळते.

शेवटची गोष्ट सर्व्हेची, म्हणजे घेण्याआधी जाणकाराकडून बोट तपासून घेण्याची. विकणारा जुना रिपोर्ट दाखवतो. पण तो दुसऱ्यासाठी केलेला असतो आणि त्याची जबाबदारी सर्व्हेअर सहसा तुमच्यापुरती घेत नाही. करारात ‘सर्व्हे समाधानकारक असल्यास’ ही अट घाला, सर्व्हेअर स्वतः नेमा आणि तो बोट ठोकत फिरेल तेव्हा सोबत राहा. सर्व्हेची फी बोटीच्या किमतीच्या मानाने डोळ्यांवर येईल. तरी ती द्या. आणि बोटीच्या किमतीइतकी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर आणखी लहान बोट शोधा.