पांढरीत काय सापडतं?

मागच्या दिवाळीत पारनेरला मामांकडे गेले होते. मामेभावाने मोबाईल पुढे केला. "ताई, हे बघ, तुझ्याच धंद्यातले लोक." इंग्लंडमधला व्हिडिओ होता. दोघंजण शेताच्या कडेला खड्डा खणून जुन्या बाटल्या काढत होते. शाईच्या, औषधाच्या, सोड्याच्या. तिकडे हा मोठा छंद आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात शहरांतली कोळशाची राख आणि इतर कचरा बाहेर नेऊन टाकत. ते ढीग आता मातीखाली गेलेत आणि हौशी लोक जुने नकाशे बघून ते हुडकतात. भाऊ म्हणाला, "आपण पण खणू की. पांढरीत कायबाय निघतंच."

तेव्हा फराळाच्या गडबडीत त्याला नीट उत्तर दिलं नाही. ते इथे देते.

आधी बाटल्यांचं. आपल्या खेड्यांत जुन्या बाटल्या फारशा पुरलेल्या नसतात, कारण त्या सहसा कुणी फेकायचंच नाही. औषधाची बाटली रिकामी झाली की झाकणाला भोक पाडून वात घातली, झाली रॉकेलची चिमणी तयार. मोठी बाटली तेलाला. फुटली तरच ती घराबाहेर जायची. गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली. ती तर इंग्लंडमध्येही अखंड मिळणं अवघड, कारण पोरं आतल्या गोटीसाठी ती फोडायची. याबाबतीत नगरची आणि लंडनची पोरं सारखीच.

राहिलेला कचरा म्हणजे राख, शेण, केर, खापरं, बांगड्यांचे तुकडे. तो जायचा उकिरड्यावर. आणि उकिरडा उन्हाळ्यात गाडीत भरून वावरात. त्यामुळे शेतात खापरं दिसली म्हणजे तिथे जुनं गाव होतंच असं नाही. सुरुवातीला मी इथेच फसले. एका वावरात पिशवीभर खापरं गोळा करून मोठ्या उत्साहाने 'जुनी वस्ती' अशी नोंद केली. बांधावरच्या आजी बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अगं, ते आमच्या उकिरड्यातलं हाय. सासऱ्यांनी खत टाकलेलं." नोंद खोडली. (आजींचे आभार प्रबंधात मानणार आहे.)

आता पांढरी. 'काळी' म्हणजे शेतजमीन आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण, हे तुम्ही घरात ऐकलं असेल. ही नुसती बोलायची पद्धत नाही, माती खरोखर तशी दिसते. एकाच जागी शेकडो वर्षं माणसं राहिली की मातीच्या भिंती पडतात, त्यांच्यावरच नव्या उभ्या राहतात. त्यात चुलीची राख, शेण, हाडं, चुना मिसळत जातो. माती फिकट, राखाडी होते आणि गावाखालची जमीन हळूहळू उंच होते. गाव उठून गेलं की मागे राहतं ते पांढरीचं टेकाड. म्हणजे पांढरी हा एका अर्थाने गावाचा सगळ्यात जुना उकिरडा, फक्त वावरात न गेलेला.

तोही जागेवर राहिला नाही, ही आमची अडचण. आमच्या भागात पाऊस कमी, त्यामुळे घरं धाब्याची. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, छपरावर तिचा उपयोग नाही. पांढरीची माती चोपली की घट्ट बसते. म्हणून पावसाळ्याआधी जुन्या पांढरीतून माती आणून धाब्यावर पसरायची रीत होती. शेणा-हाडांमुळे तिच्यात फॉस्फेट भरपूर, म्हणून थोडी शेतातही जायची. इजिप्तमध्येही शेतकरी जुन्या वस्त्यांची माती खतासाठी अशीच खणून नेत. हे करणारी माणसं चोर नव्हती. त्यांना घर गळायला नको होतं.

मग भावाने खणलं तर बिघडतं काय? समजा पांढरीच्या कापात गोटी सोड्याच्या बाटलीची मान दिसली. बाटली १८७२ च्या आधीची असू शकत नाही. म्हणजे ज्या थरात ती पडली, तो थर आणि त्याच्यावरचं सगळं त्यानंतरचं. एका फुटक्या काचेने सगळ्या कापाला तारीख मिळाली! पण ही तारीख काचेत नसते, काच आणि थर यांच्या नात्यात असते. बाटली उपटून धुऊन कपाटात ठेवली की राहते फक्त बाटली.

"मग किती फूट खोल होती ते लिहून ठेवतो," असं भाऊ म्हणेल. त्यानेही भागत नाही, कारण मध्ये पेव येतं. धान्य साठवायला गावकरी पांढरीत पेव खणायचे. पेव वरून खाली जुने थर भेदत जातं. वापर संपला की त्यात केरकचरा पडून ते बुजतं. म्हणजे पुरुषभर खोल सापडलेली बांगडी आजीच्या लग्नातली असू शकते, आणि तिच्या शेजारी वीतभर अंतरावरचं खापर दोन हजार वर्षांपूर्वीचं. पेवाची कड कुठे संपते हे मातीच्या रंगातल्या बारीक फरकावरून ओळखायचं असतं. टिकाव मारणाऱ्याला ते दिसत नाही. ब्रशने साफ करतानाही कित्येकदा मला दिसत नाही, सर दाखवतात.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण सांगते. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तिथे एक भिल्ल गावकरी झुडपाची मुळं खणत असताना चार कांस्यशिल्पं निघाली: बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. चौघांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. भारतातल्या सर्वांत महत्त्वाच्या शोधांपैकी हा एक. पण ती रीतसर उत्खननात, थरासकट मिळाली नाहीत. काही अभ्यासक ती उत्तर-हडप्पा काळातली मानतात, तर काहींनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका काढली. एवढी मोठी वस्तू, आणि तिच्या वयावर अजून वाद आहे.

याच्या उलट इनामगाव. पारनेर आणि शिरूरच्या शिवेवरून वाहणारी कुकडी पुढे घोडला मिळते, त्या घोडच्या काठचं हे गाव. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. तिथे दायमाबादसारखा रथ निघाला नाही. निघाली घरांची जोती, चुली, जळकं धान्य, जनावरांची हाडं, खापरं. पण प्रत्येक गोष्ट कुठल्या थरातली, कुठल्या घरातली हे ठाऊक होतं. त्यामुळे असं मांडता आलं, की इसवी सनापूर्वी साधारण १००० नंतर चौकोनी घरांची जागा गोल झोपड्यांनी घेतली, शेती खालावली आणि शिकारीच्या जनावरांची हाडं वाढली. उत्खनन करणाऱ्यांनी त्यामागे वाढत्या दुष्काळाचं कारण सुचवलं. दुष्काळात माणसं काय करतात हा प्रश्न पारनेरच्या माणसाला काही परका नाही, आणि इथे त्याचं उत्तर खाऊन टाकलेल्या हाडांतून मिळतं. म्हणीत उकिरड्याचे पांग बारा वर्षांनी फिटतात, इथे तीन हजार लागली.

कायद्याचंही थोडक्यात. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दडवलं तर शिक्षा आहे. सरकारने वस्तू घेतली तर मोबदला मिळायची तरतूदही आहे, हे मात्र गावात कुणी सांगत नाही. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. आणि रीतसर उत्खनन करायला आम्हालाही परवानगी लागते. माझं बरंचसं काम त्यामुळे न खणताच चालतं: चालायचं, बघायचं, पावसाने पडलेल्या कापाचं चित्र काढायचं.

स्लॅबची घरं झाल्यापासून धाब्यासाठी माती नेणं जवळपास थांबलंय. आता जेसीबी येतो. जे टेकाड टोपल्या-पाट्यांनी शंभर वर्षांत संपलं नाही, ते सपाटीकरणात दोन दिवसांत जातं. यादीतल्या एका पांढरीवर मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिथे कांद्याची रोपं होती. छान वाढली होती.

मामांचं जुनं घरही यंदा पाडलं. धाब्याची माती अंगणात ओतलेली होती. मी सवयीने उकरत बसले. बांगड्यांचे चार तुकडे निघाले, आणि काळ्या रेघांचं एक तांबूस खापर, नखाने वाजवलं तर धातूसारखा आवाज येणारं. जोर्वे धाटणीचं असावं. संगमनेर तालुक्यातल्या ज्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं, तेही आपल्याच जिल्ह्यातलं. माती कुठल्या पांढरीतून आणली होती ते आजोबांना माहीत होतं. आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली. मामांनी दोन जागा सांगितल्या, मामींनी तिसरीच.

खापर पाकिटात घातलं. वर लिहिलं: ठिकाण – मामांच्या घराचं धाबं, पारनेर. थर – नाही.