ज्यांनी विरोध केला, त्यांच्याच नावाची मंडई

गेल्या दिवाळीला वन्संकडे पुण्याला गेले होते. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "वहिनी, चला, मंडईत जाऊन येऊ." मनात म्हटलं, भाजीबाजार तो भाजीबाजार, त्यात काय पाहायचं! आम्ही हिवरा आश्रमच्या. विवेकानंद जयंतीला पुरी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगती पाहिलेल्या. वांगी पारखण्यात आम्हाला कोण शिकवणार?

पण आत पाऊल टाकलं आणि मान आपोआप वर गेली. टोकदार कमानी, मधोमध उंच अष्टकोनी मनोरा, वर कौलारू छप्पर आणि खाली ओट्यांवर रचलेली भाजी. बाहेर चांगलं ऊन होतं, आत मात्र गारवा. छप्पर उंच, बाजू मोकळ्या, त्यामुळे वारा खेळता राहतो आणि पालेभाजी टिकते. आमच्याकडच्या आठवडी बाजारात मेथीवर ओलं गोणपाट टाकलं तरी दुपारपर्यंत ती मान टाकते.

बाजाराला असं देखणं छप्पर घालायची हौस तशी जुनीच. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात १५४७ ते १५५१ या काळात चहूबाजूंनी उघडी, कमानींची बाजारपेठ बांधली. तिथे भाजी नव्हे, रेशीम आणि किमती माल विकला जाई. मधोमध फरशीत एक गोल दगड आहे. दिवाळं काढणाऱ्या व्यापाऱ्याला त्यावर चारचौघांत शिक्षा होई म्हणे! आपल्याकडे मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये झालं. आराखडा विल्यम इमर्सन यांचा. दारावरच्या दगडी शिल्पात शेतकरी कोरलेत, ते लॉकवुड किपलिंग यांनी, म्हणजे 'जंगल बुक'वाल्या किपलिंगच्या वडिलांनी.

पुण्याचा बाजार तेव्हा शनिवारवाड्यापुढे उघड्यावर भरायचा. नगरपालिकेनं पक्की मंडई बांधायचं ठरवलं तेव्हा सभासद असलेल्या जोतिराव फुल्यांनी आणि हरि रावजी चिपळूणकरांनी विरोध केला. जोतिरावांचं म्हणणं, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला. शहरात माल आणणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती जकात आणि दलाली देऊन काय उरतं, हे त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडलंच आहे. पण मंडई झाली. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकरांचं. १८८६ मध्ये ती सुरू झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं 'रे मार्केट' झाली. जोतिराव १८९० मध्ये गेले. पुढे १९३८ मध्ये आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना ती 'महात्मा फुले मंडई' झाली. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही नंतर फुल्यांचंच नाव मिळालं.

मला विचाराल तर दोन्ही बाजू पटतात. मी अर्धवेळ शिकवते. पावसाळ्यात आमच्या वर्गाचं छप्पर ठिबकायला लागलं, मुली दप्तरं उचलून भिंतीकडे सरकल्या, की वाटतं जोतिराव बोलले तेच खरं. आणि बाजारात पोराला पदराखाली घेऊन उन्हात बसलेली भाजीवाली पाहिली, की वाटतं हिच्या डोक्यावर एवढी एक कमान असती तर!

पण गंमत बघा, मंडईतसुद्धा सगळ्यांना छप्पर कुठे आहे? आत गाळेवाले, आणि बाहेर रस्त्याच्या कडेला कोथिंबिरीच्या चार जुड्या मांडून बसलेल्या बायका. वन्सं आतल्या ओळखीच्या गाळ्यावर घासाघीस करत होत्या, तेवढ्यात मी बाहेरच्या एका म्हातारीकडून दोन जुड्या घेतल्या. वन्सं रागावल्या, "महाग घेतल्यात, वहिनी."

परत आल्यावर सहावीच्या वर्गात ही हकीकत सांगितली. एक मुलगी लगेच उभी राहिली, "बाई, त्यांनी नको म्हटलं होतं ना, मग त्यांचंच नाव का दिलं?" तास संपल्याची घंटा झाली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं.