बचावाने उभे कुठे राहावे?

कबड्डीबद्दल रत्नागिरीत एक तक्रार हमखास ऐकू येते. बचावाचे गडी अंत्यरेषेला चिकटतात, चढाईपटू निदान रेषा ओलांडून परततो, गुण कुणालाच नाही. मग मागे उभे राहायला बंदीच का नको?

श्रोतेहो, पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, मागे उरतात जेमतेम पावणेतीन मीटर. तेही काढून घेतले तर साखळी धरायची कुठे? त्यापेक्षा चढाईपटूला आमिष दाखवले गेले: समोर सहा-सात गडी असताना आणखी एक मीटर आत बोनस रेषा ओलांडायची, दुसरा पाय हवेत ठेवून.

पाच उरले की बोनस बंद, आणि वेळकाढूपणा सुरू! त्यावर प्रो कबड्डीचा उतारा मला पटतो. दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण आणायचा. नाहीतर चढाईपटूच बाद.