स्पिनचं नातं आणि कुंडलिकेचं पाणी

आज आधी माझी चूक. मागच्या भागात मी बोलून गेलो की चुंबकीय क्षेत्र वाढवलं की दोन स्पिनमधलं क्वांटम नातं घट्ट होतं. सरसकट असं म्हणणं साफ चूक.

कोलाडला राफ्टिंग केलं असेल तर लगेच कळेल. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं, कुंडलिका भरते आणि सगळे राफ्ट एकाच दिशेला निघतात. त्यांचं आपसात काही ठरलेलं नसतं, पाणी नेतंय म्हणून जातात! जबरदस्त क्षेत्रात स्पिनचं तेच होतं. दोघं क्षेत्राच्या रेषेत उभे. दिसायला सारखे, पण एकाला मोजून दुसऱ्याबद्दल नवीन काहीच कळत नाही. म्हणजे सहसंबंध जवळपास शून्य.

आता समजा, दोघांची आपसातली ओढ अशी की हा वर तर तो खाली, आणि बाहेरचं क्षेत्र आडवं. ते सावकाश कमी केलं तर जोडी सतत सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेत राहते आणि नातं वाढत जातं. किती सावकाश? ऊर्जापातळ्यांमधलं अंतर जितकं कमी, तितका धीर जास्त.

आणि झटक्यात बंद केलं तर? मला आवडणारी गंमत इथे आहे. जोडी त्या क्षणी जुन्याच अवस्थेत अडकलेली असते, मग आपसातली ओढ काम सुरू करते. क्लोरोफॉर्मच्या रेणूत कार्बन-१३ आणि हायड्रोजन यांच्या केंद्रकांमधली ही जोडणी सुमारे २१५ हर्ट्झची. हिशेब केला तर साधारण २.३ मिलिसेकंदांत पूर्ण एन्टँगलमेंट, आणखी तेवढ्याच वेळात परत सुटे. मग पुन्हा तेच.

असे प्रयोग एनएमआर यंत्रात होतात. ५०० मेगाहर्ट्झच्या यंत्रात क्षेत्र ११.७ टेस्ला, तुमच्या फोनचा कंपास वाचतो ते साधारण ४० मायक्रोटेस्ला. अर्थात हे मोठं क्षेत्र स्थिरच असतं, बदलणारं क्षेत्र रेडिओलहरींनी तयार करतात.

पण एक मेख आहे. खोलीच्या तापमानाला लाखातली जेमतेम चार-पाच हायड्रोजन केंद्रकंच जास्तीची एका बाजूला असतात. बाकी सगळा गोंधळ. त्यात खरी एन्टँगलमेंट उरत नाही. मग उरतं काय? क्वांटम डिस्कॉर्ड, म्हणजे मोजमापानं बिघडणारं, एन्टँगलमेंटपेक्षा सौम्य नातं. पुण्याच्या आयसरमध्ये टी. एस. महेश यांच्या गटानं २०१२ मध्ये दोन स्पिनच्या एनएमआर नमुन्यांत हा डिस्कॉर्ड काळानुसार कसा बदलतो, ते मोजून दाखवलं.

मागच्या भागातलं ते वाक्य मी कापलेलं नाही. बाराव्या मिनिटाला आहे, ऐका आणि हसा.