शिडी घाटाने वर, गणेश घाटाने खाली: काही समज आणि वस्तुस्थिती

कर्जत तालुक्यातल्या खांडस गावातून भीमाशंकरला चढणाऱ्या दोन वाटा आहेत. शिडी घाट उभा आणि जवळचा, गणेश घाट लांबचा पण मवाळ. डोंगराच्या मधल्या सपाटीवर, म्हणजे पदरात, दोन्ही एकत्र येतात आणि पुढची जंगलातली चढण एकच आहे. एका घाटाने चढून दुसऱ्याने उतरले की एका दिवसाची झकास गोल वाट होते. मध्यम श्रेणीचा ट्रेक म्हणून ती सर्रास सुचवली जाते, आणि तिच्यासोबत काही समजही आपसूक हातोहात फिरतात.

सगळ्यात पक्का समज असा, की अंतर कळले म्हणजे वेळ कळली. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये एक साधा हिशेब मांडला: दर तीन मैलांना एक तास, आणि दर 2,000 फूट चढाईला आणखी एक तास. समजा फेरी 16 किलोमीटरची आहे आणि चढाई 800 मीटरची. चालण्याचे सव्वातीन तास, त्यावर चढाईचा जवळपास सव्वा तास. यात चहा, फोटो आणि ‘थांबा जरा’ यांना जागा नाही, शिवाय दमट हवाही धरलेली नाही. आपल्याकडच्या मिश्र गटाने या आकड्यात निम्मी भर घालावी. म्हणजे सात तास. सकाळी उशिरा खांडस सोडणाऱ्यांना अंधार का गाठतो, हे यातून कळते.

‘गोलच आहे, कुठूनही सुरू करा’ हा त्याहून घातक समज. शिडी घाटात कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत आणि एका बाजूला दरी. तिथे चढताना पुढची पकड डोळ्यांसमोर असते. उतरताना पाऊल कुठे टेकायचे तेच दिसत नाही. त्यात उताराला धाप कमी लागते म्हणून तो सोपा वाटतो, पण प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावायचे काम करतात. दुपारी तीनला थरथरणाऱ्या पायांनी शिड्या उतरण्यात शहाणपण नाही. अवघड वाट सकाळी चढायची आणि सोपी दुपारी उतरायची, हाच क्रम बरा. शिड्यांवर हात-पाय गळणारे कुणी सोबत असेल, तर गणेश घाटानेच जा-ये करावी. फेरी पुरी झाली नाही म्हणून डोंगर रागावत नाही.

नियोजनाचा खरा कणा पदरात आहे. गोल वाटेची अडचण ही, की उतरायची बाजू आपण चढताना पाहिलेलीच नसते. म्हणून पदरात पोहोचायची वेळ आधीच ठरवून घ्यावी. ती हुकली तर वरची चढण सोडून तिथूनच गणेश घाटाला लागावे. तेवढी छोटी फेरीही फेरीच असते. वर एसटी मिळते, दमलो तर तिने परत येऊ, हे म्हणणे ट्रेनने आलेल्यांना शोभते. गाडी खांडसला लावली असेल तर रस्त्याने तिच्यापर्यंत येण्यासाठी राजगुरुनगर, लोणावळा, कर्जत असा मोठा वळसा पडतो.

वाट चुकलो तर ओढा धरून खाली उतरायचे, गाव लागतेच, असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. सपाट मुलखात ते खरे असेल. सह्याद्री मात्र साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा बनला आहे. कठीण थराचा उभा कडा, मऊ थराचा उतार, पुन्हा कडा. पदर तयार होतात ते यामुळेच. इथला ओढा हमखास कड्यावरून उडी घेतो, आणि त्याच्यामागे गेलेला माणूस वर-खाली कुठेच जाऊ न शकणाऱ्या जागी अडकतो. चुकलो असे वाटताच शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे फिरावे. कारवीत शिरणाऱ्या ढोरवाटा हुबेहूब मुख्य वाटेसारख्या दिसतात, हेही लक्षात असू द्या.

रेंज गेली म्हणजे जीपीएस गेला, हेही चूक. जीपीएस उपग्रहांकडून संकेत घेतो, त्याला मोबाइलचा टॉवर लागत नाही. नकाशा मात्र घरीच उतरवून घेतलेला हवा. फोन फ्लाइट मोडवर ठेवला तर टॉवर शोधण्यात बॅटरी जात नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात: वाहते पाणी स्वच्छच असते असे नाही. वर गुरे चरतात, यात्रेकरूंचा राबता असतो. पावसाळा सरल्यावर अनेक ओढे आटतात, तेव्हा माणशी तीन लिटर खालूनच न्यावे.

जंगलात बिबट्याची धास्ती सगळ्यांना, आग्या मोहोळाची कुणालाच नाही. खरे तर उलट असायला हवे. कड्याखाली धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच तर तोंड झाकून तिथून दूर पळा. हात झाडत उभे राहू नका.

आणि पावसाळा हाच खरा हंगाम? दिसायला, हो. पण तेव्हा शिडी घाटाच्या कातळावरून पाणी वाहते, शेवाळ धरते, धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही. या फेरीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. कोकणाकडे तोंड असलेला हा उतार सकाळी सावलीत असतो आणि दुपारनंतर तापतो, त्यामुळे लवकर निघण्याचा फायदा दुहेरी.

निघण्याआधी घरी एकाला तरी वाट आणि परतण्याची वेळ लिहून द्या. किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर 112 ला कळवायचे, तेही त्याच चिठ्ठीत लिहा.