औषध सालीत आहे, काढ्यात नाही!

अंडाशयाच्या कर्करोगावरील काही प्रभावी औषधे झाडांपासून मिळाली, हे खरे. मग झाडपाल्याच्या घरगुती उपायाने हा रोग बरा का होत नाही?

घरात कोणाला कर्करोग झाल्याचे कळले, की भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक उपाय सांगून जातो. कोणी सदाफुलीची पाने चावायला सांगतो, कोणी हळदीचे दूध, तर कोणी डोंगरातल्या एखाद्या मुळीचा काढा. ‘झाडपाल्याचेच तर औषध, अपाय थोडाच होणार आहे?’ असे म्हणून आपणही ते करून पाहतो.

सल्ला देणाऱ्यांचे एक म्हणणे बरोबर आहे. कर्करोगावरची कित्येक नामांकित औषधे वनस्पतींपासूनच आली आहेत. पण ती कशी आली हे समजून घेतले, तर काढ्यावर विसंबून राहणे किती धोक्याचे आहे, हेही ध्यानात येते. अंडाशयाच्या (बीजांडकोशाच्या) कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या टॅक्सॉल या औषधाची हकिगत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

नंदुरबारचा शास्त्रज्ञ

१९६० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तेथील कृषी खात्याच्या मदतीने हजारो वनस्पती तपासण्याची मोहीम हाती घेतली. ऑगस्ट १९६२ मध्ये आर्थर बार्कले या वनस्पतितज्ज्ञाने वॉशिंग्टन राज्यातील जंगलातून ‘पॅसिफिक यू’ या अतिशय सावकाश वाढणाऱ्या झाडाची साल गोळा केली. प्रयोगशाळेत या सालीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मरतात, असे दिसून आले.

अर्कात असंख्य द्रव्ये असतात. त्यांतले नेमके कोणते द्रव्य हे काम करते, ते शोधायचे होते. नॉर्थ कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते वेगळे काढले आणि १९७१ मध्ये त्याची रासायनिक रचना जगापुढे मांडली. यातले डॉ. वाणी आपल्या नंदुरबारचे. १९२५ साली तेथे त्यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. झाल्यावर ते पुढे अमेरिकेत गेले. २०२० मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पेशीतली परांची

हे द्रव्य पेशीत नेमके करते काय, याचा उलगडा १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. सुसान हॉर्विट्झ यांनी केला.

इमारत बांधताना बांबूंची परांची उभारतात आणि काम झाले की सोडतात. एका पेशीच्या दोन पेशी होताना तिच्या आतही अतिसूक्ष्म नळ्यांची अशीच परांची उभी राहते. तिच्या आधाराने गुणसूत्रे दोन बाजूंना ओढली जातात. सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही औषधे ही परांची उभीच राहू देत नाहीत. टॅक्सॉल नेमके याच्या उलट करते. एकदा उभी राहिलेली परांची ते सोडूच देत नाही. पेशी अर्ध्या वाटेत अडकते आणि मरते.

कर्करोगाच्या पेशी सतत वाढत असल्याने त्यांना याचा जास्त फटका बसतो. पण केसांच्या मुळांतल्या आणि हाडांच्या मगजातल्या निरोगी पेशीही भराभर वाढणाऱ्याच असतात. म्हणून उपचाराच्या काळात केस गळतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. मज्जातंतूंमध्येही अशा नळ्या असल्याने हातापायांना मुंग्या येतात.

तीस वर्षांची वाटचाल

टॅक्सॉल पाण्यात विरघळत नाही. एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावणात व मद्यार्कात मिसळून ते शिरेतून द्यावे लागते. सुरुवातीच्या चाचण्यांत काही रुग्णांना याची तीव्र ॲलर्जी झाली. मग आधी स्टेरॉइड व ॲलर्जीविरोधी औषधे देऊन ते सावकाश सोडण्याची पद्धत बसवण्यात आली. १९८९ मध्ये, इतर औषधांना दाद न देणाऱ्या अंडाशयाच्या कर्करोगाच्या ४० रुग्णांपैकी १२ जणींच्या गाठी टॅक्सॉलने बऱ्याच आकसल्याचे प्रसिद्ध झाले. अखेर डिसेंबर १९९२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. साल गोळा केल्याला तोवर तीस वर्षे झाली होती.

दुसरी अडचण झाडांची. शंभर वर्षांच्या एका झाडाच्या सालीतून जेमतेम एका मात्रेपुरते औषध निघे आणि साल काढली की झाड मरे. पुढे युरोपातील यूच्या पानांतल्या द्रव्यापासून ते अर्धकृत्रिम रीतीने बनवता आले. हिमालयातल्या थुनेर या याच कुळातल्या वृक्षाचीही बेसुमार तोड झाली. १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

झाडाच्या जोडीला धातू

सारीच औषधे वनस्पतीतून येतात, असेही नाही. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग यांना जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासताना दिसले, की प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून सुटणाऱ्या संयुगांमुळे जिवाणूंचे विभाजन थांबते. त्यातून सिसप्लॅटिन हे औषध आले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, वाढलेल्या अवस्थेतील रुग्णांना सिसप्लॅटिनबरोबर टॅक्सॉल दिल्यावर त्यांचे सरासरी आयुर्मान २४ महिन्यांवरून ३८ महिन्यांपर्यंत गेले. आजही शस्त्रक्रियेच्या जोडीने टॅक्सॉल आणि कार्बोप्लॅटिन हे सिसप्लॅटिनचेच भावंड, हाच उपचाराचा पाया आहे.

आपल्या सह्याद्रीतही असा एक वृक्ष आहे. त्याचे नाव नरक्या. वॉल आणि वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून शोधलेले कॅम्पटोथेसिन हे द्रव्य नरक्यातही आहे. त्यात फेरफार करून बनवलेले टोपोटेकन अंडाशयाच्या कर्करोगावर दिले जाते. मूळ द्रव्याच्या चाचण्या मात्र तीव्र दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या होत्या.

मग काढा का नको?

टॅक्सॉल ज्या यूपासून मिळते, त्याची पाने उकळून प्यायल्यास त्यातल्या दुसऱ्याच विषाने हृदय बंद पडू शकते. सदाफुलीतले एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन काढायला शेकडो किलो सुकी पाने लागतात. चार पाने चावून औषधाची मात्रा मिळत नाही, पानांतल्या इतर द्रव्यांचा त्रास मात्र होऊ शकतो.

हळदीचेही तसेच. तिच्यातले कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या बशीत अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी मारते, हे खरे. पण बशीत ते थेट पेशींवर ओतलेले असते. पोटात घेतल्यावर ते रक्तात फारच थोडे उतरते. स्वयंपाकातली हळद खुशाल खावी, तिला उपचार मात्र समजू नये. यकृतात औषधांचे विघटन होत असते. काही अर्क आणि गोळ्या त्यात ढवळाढवळ करतात आणि चालू औषधाची मात्रा कमीजास्त होते. म्हणून रुग्ण आणखी जे काही घेत असेल, ते डॉक्टरांना न लपवता सांगावे.

ही लक्षणे अंगावर काढू नका

सर्वात मोठे नुकसान होते ते वेळेचे. अंडाशये पोटात खोल असल्याने हा रोग बहुधा उशिराच कळतो. निरोगी स्त्रियांसाठी भरवशाची अशी सरसकट तपासणीही अद्याप नाही. त्यामुळे लक्षणांकडे लक्ष देणे महत्त्वाचे :

• पोट सतत फुगलेले राहणे

• दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटणे

• ओटीपोटात किंवा पोटात दुखणे

• वारंवार किंवा घाईची लघवी लागणे

• पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होणे

यापैकी पहिला चार प्रकारचा त्रास बहुधा गॅसेसचा किंवा अपचनाचा असतो, हे खरे. पण तो नव्याने सुरू झाला असेल आणि दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज होत असेल, तर ओवा-हिंग घेऊन गप्प बसू नये. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी, सोनोग्राफी व गरज पडल्यास सीए-१२५ ही रक्तचाचणी करून घ्यावी. पाळी गेल्यावर रक्त दिसले, तर एकदाच दिसले असले तरी डॉक्टरांना लगेच दाखवावे. आई, बहीण किंवा मावशीला अंडाशयाचा अथवा स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आपल्याकडे घरातल्या बाईचे दुखणे नेहमी शेवटी बघितले जाते. मुलांच्या परीक्षा संपू देत, दिवाळी होऊ दे, असे म्हणत ती दिवस ढकलते. त्यात एखाद्या काढ्याचे दोन महिने गेले, तर हाताशी असलेला उपचारही तोकडा पडू शकतो. तेव्हा भेटीला येणाऱ्यांचा सल्ला ऐकून घ्यावा, त्यांना चहा पाजावा आणि तपासणीची तारीख मात्र चुकवू नये.