देवणीहून येरवडा

लातूर जिल्ह्यातल्या देवणीहून हैदराबाद दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि पुणे जवळपास त्याच्या दुप्पट. तरी आपल्या भागात कुणाच्या डोक्यावर परिणाम झाला की तोंडात नाव येतं ते पुण्यातल्या येरवडा मनोरुग्णालयाचं. ‘आता येरवड्यालाच नेऊन टाका’ हे वाक्य उदगीर-देवणीच्या बाजारात थट्टेनं ऐकू येतं, भावकीच्या भांडणात रागानं ऐकू येतं, आणि एखाद्या घरात रात्री दोन वाजता खरंच रडवेल्या आवाजात उच्चारलं जातं.

यामागे एक विसरलेला इतिहास आहे. निजामाच्या राज्यातलं मनोरुग्णांचं सरकारी रुग्णालय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादहून जालन्याला हलवलं गेलं. म्हणजे मराठवाड्यात मनोरुग्णालय होतं, आणि तेही अख्ख्या संस्थानाचं. १९५३ मध्ये ते परत हैदराबादला, एर्रागड्ड्याला गेलं. तीनच वर्षांनी राज्यांची पुनर्रचना झाली. तेव्हा बीदर जिल्ह्यात असलेला उदगीर तालुका, आणि त्यातली देवणी, मुंबई राज्यात आली. रुग्णालय तिकडे राहिलं, माणसं इकडे आली. पुढे महाराष्ट्र झाला, तेव्हा राज्याच्या वाट्याला चार मोठी मनोरुग्णालयं होती: नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) आणि अडीच हजार खाटांचं येरवडा. चारही मराठवाड्याच्या बाहेर. आता राज्य मंत्रिमंडळानं जालन्यातच ३६५ खाटांच्या नव्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला मान्यता दिली आहे. नेलेलं परत द्यायला सरकारला किती दशकं लागतात, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

ती इमारत व्हायची तेव्हा होईल. आज रात्री घरातल्या माणसाचा तोल गेला तर पुढं काय घडतं, हे ठाऊक असणं जास्त निकडीचं आहे. पहिली गोष्ट ही की बहुतेकांना येरवड्याला जावंच लागत नाही. लातूरचं विलासराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडजवळ विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. सर्वसाधारण रुग्णालयातच मनोरुग्णावर उपचार करायचे, ही पद्धत मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९३८ पासूनची. कल्पना जुनी आहे. आपल्यापर्यंत तिची बातमी उशिरा आली.

अर्थात दवाखान्याआधी बरंच काही होऊन गेलेलं असतं. झोप उडालेली असते, माणूस एकटाच बडबडत असतो, बायकोनं जेवणात काही कालवलं असा संशय घेतो, नाहीतर महिनाभर अंथरुणातून उठत नाही. ‘बाहेरचं झालंय’ म्हणून उतारे होतात, बुलडाणा जिल्ह्यातल्या सैलानीला वारी होते. मी या वाऱ्यांची टिंगल करणार नाही. रात्रभर न झोपलेल्या आईला जिथं कुणीतरी ‘बरं होईल’ म्हणतं, तिथं ती जाणारच. पण भूत काढायचं म्हणून माणसाला मारणं, साखळीनं बांधणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि नवस फेडताना गोळी बंद करणं हा शहाणपणा नव्हे.

अपघात विभागात पोहोचल्यावर पहिले काही तास डॉक्टर मनाकडं वळतच नाहीत. साखर, सोडियम, ताप, डोक्याला मार, रक्तदाब हे सगळं आधी बघतात. नातेवाईक वैतागतात, ‘डोक्याचा आजार हाय आन् रक्त कशाला काढायलेत?’ कारण साधं आहे. साखर फार उतरली तरी माणूस वेड्यासारखा वागतो. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी सुटली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला अंगावर किडे आणि भिंतीवर माणसं दिसू लागतात, हातपाय थरथरतात. ते वेड नसतं, पण जिवावर बेतू शकतं.

आपल्या जिल्ह्यांत संकटाचा आणखी एक चेहरा आहे: फवारणीचं औषध. ते घेतलेला माणूस आधी मेडिसिनच्या वॉर्डात जातो. ॲट्रोपिनची इंजेक्शनं चालतात, श्वासावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात, पहिले चार-पाच दिवस भरवशाचे नसतात. मानसोपचाराचा डॉक्टर खाटेपाशी येतो तो माणूस बोलू लागल्यावर. नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, जीव वाचला, आता सुट्टी द्या. कागदावर ‘एमएलसी’, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची नोंद, पडलेली असते, पोलिसानं जबाब घेतलेला असतो आणि गुन्ह्याची भीती असते. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि सरकारनं त्याच्या काळजीची सोय करायची. शिवाय १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, त्यात दंडसंहितेचं जुनं ३०९ कलम त्या रूपात राहिलेलं नाही. तेव्हा पोलिसाच्या भीतीनं मानसोपचाराच्या डॉक्टरची भेट चुकवू नका. संकटातल्या माणसाला कोठडीतही ठेवता येत नाही. रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णाला पोलिसांनी २४ तासांच्या आत दवाखान्यात न्यायचं असतं.

भरतीचे कागद दोन तऱ्हेचे. माणूस स्वतः राजी असेल तर तो स्वतःच्या सहीनं भरती होतो. मग घरी जायचं म्हणाला तर सोडावं लागतं. फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. तो राजी नसेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी (बहुधा घरचाच माणूस) अर्ज करतो. मग एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक वेगवेगळं तपासतात, आणि कलम ८९ खाली जास्तीत जास्त ३० दिवस भरती होते. ही भरती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायची असते. रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. ‘एकदा आत टाकलं की बाहेर येत नाही’ हे पूर्वीच्या काळचं भय आहे. तेव्हा त्याला आधार होता, आज कायद्यानं दार दोन्ही बाजूंनी उघडं ठेवलंय.

वॉर्डात शिरताना सिस्टर पिशवी उघडायला लावतात. पायजम्याची नाडी, ओढणी, ब्लेड, चार्जरची वायर, काचेची बाटली, तंबाखूची पुडी असं सगळं बाजूला निघतं. बाप अंथरुणाची वळकटी, आधार कार्ड आणि रेशन कार्ड घेऊन दारात उभा असतो; त्याला वाटतं आपल्या पोराला गुन्हेगार केलं. तसं नसतं, ते सामान संकटातल्या माणसाच्या हाताला लागू नये इतकाच हेतू. केस कापणं किंवा ठरावीक कपडे घालणं सक्तीचं नाही. स्वतःचे कपडे घालायचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे.

येरवड्यासारख्या ठिकाणी घरचे परत जातात. लातूर-नांदेडच्या वॉर्डात मात्र एक माणूस सोबत राहतो, रात्री खाटेशेजारी जमिनीवर झोपतो. याला सोय म्हणा की गैरसोय, उपचार म्हणून ते फार मोलाचं आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या कुटुंबांना आवारात तंबू ठोकून राहू दिलं. घरच्यांनी आजार डोळ्यांनी पाहिला, इतर घरांशी बोलणं झालं, आणि माणसं लवकर घरी परतू लागली. १९५७ मध्ये वेल्लोरनंही तीच वाट धरली. आपल्या वॉर्डातला चटईवरचा बाप त्याच परंपरेतला आहे, फक्त त्याला तसं कुणी सांगत नाही.

पहिली सुई बहुधा शांत करणारी असते. माणूस दोन-तीन दिवस झोपतो. मग फोनवर गावाकडं तक्रार जाते, ‘सुई दिल्यापासून नुसता झोपायलाय, बोलंना झालाय.’ ही झोप आजारानं उडवलेल्या महिनाभराच्या झोपेची भरपाई असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो चहा मागतो. भास आणि संशय मात्र इतक्या लवकर जात नाहीत. औषधाचा पुरता परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. उदासीच्या गोळ्यांचंही तसंच.

याच दिवसांत एक प्रकार घडतो, तो आधीच माहीत असलेला बरा. काही औषधांनी अचानक मान एका बाजूला वळते, जबडा आवळतो, डोळे वर चढून तिथंच राहतात. बघणाऱ्याला वाटतं, आता तर नक्कीच अंगात आलं. तो औषधाचा त्रास असतो. सिस्टरला हाक मारा, उताऱ्याचं इंजेक्शन दिलं की बहुधा अर्ध्या तासात मान सरळ होते. नंतर हात थरथरणं, वजन वाढणं, तोंडातून लाळ येणं हेही सांगत राहा. कित्येकांचा डोस नुसत्या सांगण्यानं बदलला जातो. न सांगता गोळी थुंकणारे पुन्हा वॉर्डात येतात.

आणि ‘करंट’. त्याची दहशत सिनेमानं घातली. आज भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय विजेचा उपचार करणं कायद्यानं बंद आहे. रात्रीपासून उपाशी ठेवतात, सकाळी भूल देतात, काही मिनिटांत काम संपतं. आठवड्यातून दोन-तीनदा, साधारण सहा ते बारा वेळा. त्या दिवसांची आठवण पुसट होते, काहींना नंतरही थोडा विसराळूपणा जाणवतो. हे लपवू नये. पण जेवण सोडलेल्या, मरायचंच म्हणणाऱ्या माणसाला जेवढं लवकर यानं माघारी आणलं जातं, तेवढं गोळ्यांनी क्वचित.

वॉर्डाकडून कशाची अपेक्षा ठेवू नये, तेही सांगतो. तासन्‌तास समुपदेशन तिथं नाही. राउंड काही मिनिटांत पुढं सरकतो, दुपार कंटाळवाणी असते, पंखा गरगरतो, एखादा रुग्ण रात्री ओरडत राहतो. खरं शिक्षण शेजारच्या खाटेच्या नातेवाइकांकडून मिळतं. भरतीचं काम वादळ शमवणं, धोका टाळणं आणि औषध बसवणं. दोन-तीन आठवड्यांत ते बहुधा होतं. बरं होणं मात्र घरी आल्यावर सुरू होतं, आणि तिथं आपण सगळेच कच्चे आहोत.

घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीनं सर्वांत धोक्याचे, हे जगभरच्या अभ्यासांत पुनःपुन्हा दिसलंय. माणूस सुधारलेला दिसतो, सगळे निर्धास्त होतात. म्हणून सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांकडून औषधांची नावं आणि डोस, पुढची तारीख आणि बिघडल्याची लक्षणं कागदावर घ्या. कलम ९८ प्रमाणे सुट्टीचं नियोजन ही रुग्णालयाची जबाबदारी आहे, उपकार नाही. तणनाशकाचे, कीटकनाशकाचे डबे घरातून आणि आखाड्यावरून हलवा. गोळ्या घरातल्या एकाच्या ताब्यात ठेवा. लिथियम चालू असेल तर मे महिन्यात उन्हात राबताना भरपूर पाणी प्यायला लावा आणि सांगितल्या वेळी रक्त तपासा. घाम गेला, पाणी कमी पडलं की औषधाची रक्तातली पातळी विषारी होऊ शकते.

लग्नाबद्दल एक कडक शब्द. ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा सल्ला देणारे नंतर त्या घराकडं फिरकत नाहीत. आजार लपवून केलेली लग्नं सहा महिन्यांत कोर्टात जातात, आणि आजारी बाई असेल तर तिचं माहेरही हळूहळू दार लावून घेतं. बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहांत हलवण्यावरून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राला थांबवलं. बरं झालेल्याला घर उरत नाही म्हणून खाट अडते, असा हा गुंता.

सरकारी योजनांची नावं भरपूर आहेत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा, विदर्भ-मराठवाड्याच्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ २०१५ चा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांतल्या ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. त्या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपलं चित्र फार उजळ असेल असं मानायला मी तयार नाही. कारण गोळी सुटते ती बहुधा आजारामुळं नाही, भाड्यामुळं. महिन्याच्या औषधासाठी लातूरला जायचं म्हणजे दोन माणसांची मजुरी आणि एसटीचा खर्च. सोयाबीनच्या काढणीत ती फेरी टळते, पुढच्या महिन्यातही टळते, आणि पाडव्यापर्यंत माणूस पुन्हा अपघात विभागात असतो.

म्हणून जालन्याच्या ३६५ खाटा व्हाव्यातच, पण देवणीकरांनी आधी मागावं ते वेगळं: तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दर महिन्याला ठरल्या वारी मानसोपचाराचा डॉक्टर, आणि त्याच्या गोळ्या संपणार नाहीत याची हमी. ग्रामसभेत हा ठराव घ्यायला पैसे लागत नाहीत. तोवर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा फुकट क्रमांक घरातल्या भिंतीवर ठळक लिहून ठेवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं.